तुम्ही विचारलंत म्हणून: बिझनेसचा मायनर घेऊ का?

"टीचर, बिझनेस घेतल्यार नोकरी मेळटली न्हय?"

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मला दिवसाला पाच-सहा वेळा तरी ऐकू येतो. विचारणारी बहुधा आई असते. शेजारी मुलगी फॉर्म धरून उभी. मेजर म्हणजे मुख्य विषयापुढे रसायनशास्त्र नाहीतर मराठी लिहून झालेलं, मायनरची म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाची ओळ कोरी. मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते, त्यामुळे मी "घ्या घ्या" म्हणणार असं आईने धरलेलंच असतं. मासळीवालीला बांगडा ताजा आहे का विचारलं तर ती काय सांगणार?

माझं उत्तर बहुतेकदा "नको" असतं. विभागात हे फारसं कुणाला आवडत नाही. मायनरला मुलं किती आली यावर आमच्या तासिकांचं गणित बसतं, आणि मी आलेली गिऱ्हाइकं परत पाठवते.

आधी मायनर म्हणजे केवढं प्रकरण आहे ते सांगते. गोव्यात २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी सुरू झाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात, त्यातले किमान ६० मेजरचे आणि २४ मायनरचे. चार वर्षं केलीत तर एकूण १६० आणि मायनरचे ३२. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे तीन वर्षांत मायनरचे ३६० तास झाले. हे तास आकाशातून पडत नाहीत. बिझनेस घेतला तर दुसरं काहीतरी सुटतं. मराठीवाल्याचा इतिहास सुटतो, भूगर्भशास्त्रवाल्याचं रसायन सुटतं. आमच्या पहिल्याच पेपरात याला संधी खर्च म्हणतात, आणि तो पेपर मुलं मायनर निवडून झाल्यावर शिकतात. काय बोलायचं!

मायनर नको तर सर्टिफिकेट करू का, असंही विचारतात. तो घोळ त्याहून मोठा. गेल्या वर्षी एक बाबा अभिमानाने म्हणाले, "पहिल्या वर्षाला सर्टिफिकेट, दुसऱ्याला डिप्लोमा, तिसऱ्याला डिग्री. तीन-तीन कागद मिळतात हिला." मिळत नाहीत. पहिल्या वर्षानंतर मिळणारं सर्टिफिकेट हे शिक्षण सोडून जाणाऱ्यासाठी आहे, ४० क्रेडिट आणि वर उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पुरा केल्यावर. पुढे शिकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. मुलं ज्याला सर्टिफिकेट म्हणतात ते वेगळं: स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरचे आठ-बारा आठवड्यांचे कोर्स. तिथे शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी तेवढी भरावी लागते. एनपीटीईएलचं प्रमाणपत्र हवं तर असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेत ७५ पैकी ३० मिळवावेच लागतात. म्हणून त्याला थोडी तरी किंमत आहे. तिसरा प्रकार खासगी क्लासवाल्यांचा, चकचकीत कागद आणि सोनेरी शिक्का. एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी अशा डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सला अठ्ठावीस हजार भरले. पोराला शेवटी इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकायला आली, जी त्याला आधीही येत होती.

लोक हे का विचारतात ते मला कळतं. आमच्याकडे डिचोली-सत्तरीतून येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी कधीतरी खनिजाचा ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालू, हे या मुलांनी शाळेत असताना पाहिलंय. सरकारी नोकरीच्या रांगेचा अंत दिसत नाही. तेव्हा "बिझनेस" हा शब्द कानाला आधाराचा वाटतो. पण त्या घरांना तेव्हा बिझनेस येत नव्हता असं थोडंच होतं? दोन ट्रकच्या वेळी तिसरा कर्जावर घ्यावा का, हा हिशेब कुणी कागदावर मांडला नव्हता, एवढंच.

मी स्वतः एकदा चुकले, तेही सांगते. इतिहासाचा एक हुशार मुलगा होता. देवळांच्या सभामंडपातले लाकडी खांब बघून बोलायला लागला की थांबायचा नाही. पर्यटकांना गावं, जुनी घरं, तळ्या फिरवून दाखवायच्या असं त्याच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, मग मॅनेजमेंटचा मायनर घे, उपयोगी पडेल. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "टीचर, मी चार पेपरांत चार वेळा स्वॉट अ‍ॅनालिसिस केलं. कंपनीची बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. चारही कंपन्या पुस्तकातल्या. एका माणसामागे किती पैसे घ्यायचे ते अजून कळत नाही." मायनर म्हणून त्याने पुरातत्त्व घ्यायला हवं होतं. पैशांचा भाग एका बारा आठवड्यांच्या अकाउंटिंगच्या कोर्समध्ये भागला असता.

मग बिझनेसचा मायनर घ्यायचा कुणी? माझ्या डोळ्यांसमोर सत्तरीची एक मुलगी येते. मेजर वनस्पतिशास्त्र, मायनर आमच्याकडे. घरी काजूची बाग. बिया बहुतेक कच्च्याच विकायचे, थोड्या आत्या घरी भाजून, फोडून पाकिटं करायची. कॉस्टिंगच्या, म्हणजे मालाचा उत्पादनखर्च काढण्याच्या प्रात्यक्षिकाला मी सांगितलं होतं, पुस्तकातली फॅक्टरी नको, घरातलं काहीतरी आणा. बाकीच्यांनी केकचं दुकान आणलं. (दर वर्षी अर्धा वर्ग केकचं दुकानच आणतो.) हिने आत्याचं पोतं आणलं.

८० किलोचं पोतं. बीचा भाव आम्ही किलोला १५० धरला, म्हणजे १२,००० रुपये. गावठी बीतून चौथा हिस्सा गर निघतो, म्हणजे २० किलो. इथेच अर्ध्या वर्गाच्या भुवया वर गेल्या, कारण मजुरी धरायच्या आधीच किलोभर गर ६०० रुपयांना पडला होता. फोडायला आणि सोलायला येणाऱ्या दोघी बायकांचे किलोमागे १००, झाले २,०००. जळण आणि पाकिटं १,०००. एकूण खर्च १५,०००. विक्रीला आत्याचा भाव किलोला ८५०. पण सगळा गर अख्खा निघत नाही. १४ किलो अख्खा आणि ६ किलो तुकडा, तुकड्याचा भाव ६००. बेरीज १५,५००.

एका पोत्यामागे पाचशे रुपये. आणि आत्याची स्वतःची मजुरी त्यात धरलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात मुलगी सांगत आली की आत्या दोन दिवस बोलली नाही. नंतर म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं धुरात फुकट बसले?" आम्ही वर्गात पाकीट, लेबल, भाव वाढवणं, पर्यटकांना विकणं असे नेहमीचे उपाय काढत बसलो. त्या मुलीने मात्र फळ्यावर जाऊन २० किलोच्या आकड्याभोवती गोल काढला. म्हणाली, हा आकडा बदलता येतो. वेंगुर्ला-४ सारख्या कलमांच्या बीत गराचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असतं, आणि वरच्या बागेत तिच्या बाबांनी तीच कलमं लावली होती. पण बिया सगळ्या एकाच ढिगात जायच्या. तिने त्या वेगळ्या ठेवल्या तर काय होईल ते मांडलं. ८० किलोत २४ किलो गर, बाकी भाव तेच. पाचशेच्या जागी तीन हजारांच्या वर.

तो गोल मी काढू शकले नसते. मला बी म्हणजे फक्त कच्चा माल, किलोला १५०. भोक कुठे आहे ते आमच्या विषयाने दाखवलं, पण बुजवलं तिच्या वनस्पतिशास्त्राने. म्हणून आता कुणी मायनरचं विचारायला आलं की मी आधी "घरी काय आहे?" असं विचारते. बाग, गाडा, पसरा, होडी, शिवणकाम, भाड्याच्या चार खोल्या, काहीही चालेल. पुढची तीन वर्षं प्रत्येक पेपर ज्याच्यावर घासून बघता येईल असं काहीतरी हवं. असेल तर मायनर घ्या, ३६० तास सार्थकी लागतील. नसेल तर मायनर मेजरच्या शेजारचा घ्या आणि हिशेबाचं एक सर्टिफिकेट सुट्टीत करा. अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्या. त्यात अकाउंटिंग आणि कॉस्टिंग नसेल, नुसतंच नेतृत्व, संवादकौशल्य आणि उद्योजकता असेल, तर तो कागद परत द्या. हे मी वाणिज्याची शिक्षिका म्हणून सांगतेय, उद्या माझ्यावर रागावू नका.

एमबीएसाठी मायनर लागतो हाही एक गैरसमज. कॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला कुठलीही पदवी चालते, खुल्या गटाला ५० टक्के हवेत. सीएकडे पदवीच्या वाटेने थेट जायचं तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतरांना ६० लागतात. तेव्हा मायनरच्या नादात मेजरचे गुण घसरले तर तोटाच.

इतिहासवाल्या मुलाचं काय झालं ते राहिलं. शेवटच्या वर्षी त्याने ते अकाउंटिंग केलं, आणि रविवारी चार-पाच माणसांना घेऊन फिरवायला लागला. जीएसटीच्या भीतीने त्याची झोप उडाली होती. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हे ऐकून तो मोठ्याने हसला, कारण त्याची त्या महिन्याची उलाढाल सहा हजार होती. परवा त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका बिलाचा फोटो पाठवला. छापील नव्हतं, वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारून केलेलं. बिल क्रमांक १. माणसं चार, वाहनखर्च वेगळा, देवळाबाहेरचा चहा वेगळा, खाली सही. मी दोनदा वाचलं आणि त्याला कळवलं, "तारीख घालायची राहिली."