रविवारच्या शाळेचा कित्ता कोर्टात

ह्यूस्टनजवळ शुगरलँडला एका छोट्या लॉ ऑफिसात मी पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस, आहे आणि आमच्याकडे प्रोबेटची कामं भरपूर येतात. म्हणजे माणूस गेला, मागे मृत्युपत्र आहे, तर ते काउंटीच्या कोर्टात नेऊन सिद्ध करायचं आणि 'लेटर्स टेस्टमेंटरी' नावाचा कागद मिळवायचा, म्हणजे मागचा व्यवहार बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र. तो हातात पडेपर्यंत बँक तुम्हाला दारात उभं करत नाही. आमची काउंटी फोर्ट बेंड, कोर्ट रिचमंडला. वाद नसेल तर सुनावणी दहा मिनिटांत उरकते, तिला प्रूव्ह-अप म्हणतात, वकील ठरलेले प्रश्न विचारतो, क्लायंट येस येस म्हणतो, जज सही करतात, झालं.

ही केस मात्र झिपलॉकच्या पिशवीतून आली. एक बाई, चाळिशीच्या पुढची, वडील जाऊन काही महिने झालेले, आई आधीच गेलेली. देवघराखालच्या खणात तिला जुन्या डायरीचं एक पान सापडलं. छापील तारीख, तिथी, खाली कुठल्यातरी पतपेढीची जाहिरात, आणि त्या सगळ्याच्या मधे निळ्या बॉलपेननं वर ॥ श्री ॥ घालून अख्खं मृत्युपत्र मराठीत. घर धाकटीला (म्हणजे हिला, शेवटपर्यंत तिनंच केलं त्यांचं), बँकेतले पैसे तिघा भावंडांत सारखे, पुण्याचा फ्लॅट मुलाला, पुस्तकं मराठी शाळेला, आणि सगळा व्यवहार थोरलीनं बघावा. खाली मराठीत सही. साक्षीदार नाही, नोटरी नाही. तिला गणपतीत भेटलेल्या प्रत्येकानं सांगितलेलं की नोटरी नाही म्हणजे रद्दी, त्यामुळे ती जवळजवळ माफी मागतच बसली समोर.

तर टेक्ससमध्ये तसं नाहीये. मृत्युपत्र पूर्णपणे स्वतःच्या हातानं लिहिलेलं असेल आणि सही असेल तर साक्षीदार लागत नाहीत, तारीखसुद्धा सक्तीची नाही. आमचे वकीलसाहेब त्या छापील तिथीवर आणि जाहिरातीवर जरा अडले, पण ते छापील शब्द मृत्युपत्राचा भाग नाहीत, ते खोडले तरी अर्थाला धक्का लागत नाही, म्हणून ठीक. मोठा फायदा हा की मुदत होती, मृत्यूनंतर ४ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आणि मृत्युपत्र नसतं तर कायद्यानं घराचे तीन समान भाग झाले असते, मग धाकटी राहत्या घरात एक तृतीयांश मालकीण.

बाकी काय काय होतं ते पटकन सांगते. इन्शुरन्स आणि फोर-ओ-वन-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) यांच्यावर मुलांची नावं होती, ते पैसे कोर्टात न येता थेट मिळाले (नावं घालून ठेवा रे बाबांनो). इथलं राहिलं घर आणि एक बँक खातं. कमी खटपटीचा म्युनिमेंट ऑफ टायटल नावाचा एक रस्ता असतो पण हॉस्पिटलचं बिल थकलेलं, आणि गहाणाशिवायचं कर्ज बाकी असेल तर तो बंद. थोरली राहते न्यू जर्सीत, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे व्यवहार बघणारा) व्हायचं तर टेक्ससमधला एजंट नेमावा लागतो, तो धाकटीला नेमला. मृत्युपत्रात 'इंडिपेंडंट' असा काही उल्लेख नाही, जामीन नको असंही नाही, कसं असणार, त्यांनी ते देवघरासमोर बसून लिहिलेलं. तो उल्लेख नसेल तर प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला कोर्टाची परवानगी, नाहीतर सगळ्या वारसांची लेखी संमती. पुण्याच्या भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवून दिला. त्याला समजावता समजावता नाकीनऊ आले की अरे अंगठा चालत नाही, सही करून, नोटरी करून कागद पाठव.

भाषांतर मी करणार असं धाकटीनं गृहीतच धरलेलं. पण मी अर्जदाराच्या वकिलाकडे नोकरीला, माझं भाषांतर कोण मान्य करणार, म्हणून बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घेतलं, त्यांच्या अ‍ॅफिडेव्हिटसकट. अर्ज ऑनलाइन भरला की मूळ मृत्युपत्र ३ कामाच्या दिवसांत क्लर्ककडे प्रत्यक्ष द्यावं लागतं, ते पान पिशवीतून काढून काउंटरवर ठेवताना धाकटीनं दोनदा विचारलं, परत मिळेल ना? नाही मिळत. ते कोर्टाकडेच राहतं, आपल्याला सर्टिफाइड कॉपी. मग नोटीस कोर्टात लागते आणि १० दिवस उलटून पुढचा सोमवार यावा लागतो, त्यानंतर सुनावणी.

खरी अडचण पुढे होती. टाइप केलेल्या मृत्युपत्राला सोबत नोटरीचं शपथपत्र असेल तर साक्षीदार बोलवावेच लागत नाहीत. हातानं लिहिलेल्याला असं शपथपत्र नसेल तर मात्र अक्षर ओळखणारे दोन साक्षीदार लागतात. आणि आजकाल कुणाचं अक्षर कोण बघतं? मुलांना आप्पांचं, म्हणजे त्या वडिलांचं, अक्षर माहीत होतं पण मुलं वारस, वकीलसाहेबांना बाहेरची माणसं हवी होती. पहिले काका लगेच मिळाले, मंडळाच्या हस्तलिखित दिवाळी अंकाचे जुने संपादक. दुसऱ्या कोण, तर रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या काकू. आप्पा त्या शाळेच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं कित्ता लिहून द्यायचे.

काकू सुनावणीला मोठी फाइल घेऊन आल्या. मी कॉरिडॉरमध्ये म्हटलं, काकू, फक्त विचारलं तेवढंच सांगा हं. 'अगं मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय, जजचं काय एवढं,' म्हणाल्या.

शपथ झाली, वकीलसाहेबांनी विचारलं, हे अक्षर तुम्ही कशावरून ओळखता. काका म्हणाले होते, बघून बघून. काकूंनी फाइल उघडली. म्हणाल्या, बाकीचे लोक एकेक शब्द लिहून त्याच्यावर रेघ मारतात, हे आधी अख्ख्या ओळीची रेघ ओढायचे आणि अक्षरं तिला खालून लटकवायचे, त्यामुळे काही अक्षरं रेघेला पोचतच नाहीत, मधे फट राहते. आणि श बघा, जुन्या वळणाचा, गाठीचा, मी किती वेळा सांगितलं मुलांना सोपा काढून द्या, ऐकलं नाही. जजना मराठीचं अक्षरही येत नव्हतं पण ते कित्त्याचं पान आणि डायरीचं पान शेजारी ठेवून खरंच ती फट शोधत होते, आणि सापडली की मान हलवत होते.

मग तो प्रश्न आला ज्याची आम्हाला धास्ती होती. शाळेला पुस्तकं ठेवलीयत हे आम्ही अर्जातच सांगितलेलं, एखाद्या सेवाभावी संस्थेला काही ठेवलं असेल तर ते सांगावंच लागतं. वकीलसाहेबांनी स्वतःच विचारून टाकलं, ह्या मृत्युपत्रातून तुम्हाला काही मिळतंय का? काकू म्हणाल्या, 'मला नाही. शाळेला पुस्तकं. तीही मी सगळी आधीच वाचलीयत, त्यांच्याकडूनच आणून.' कोर्ट रिपोर्टरसुद्धा हसली. जजनी विचारलं, परत केलीत का? काकू क्षणभर गप्प. 'बहुतेक.'

ऑर्डरवर सही झाली, थोरलीनं तिथेच शपथ घेतली, आणि आम्ही लेटर्सच्या जरा जास्तच कॉप्या काढून घेतल्या, कारण बऱ्याच बँका ६० दिवसांपेक्षा जुनं लेटर घेत नाहीत आणि मग परत रिचमंडची फेरी. पुण्याच्या फ्लॅटसाठी सर्टिफाइड कॉपीवर ऑस्टिनहून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला) करून घेतलं, पुढचं तिथले वकील १९२५ च्या वारसा कायद्याच्या २२८ कलमाखाली बघतायत, परदेशात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची सोय त्यात आहे.

आता ९० दिवसांत इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी, द्यायचीय आणि तीच अडलीय. घराचं काही नाही, पैशांचं काही नाही. पुस्तकं ज्या सागवानी कपाटात आहेत ते आजोबांचं, कंटेनरमधून आणलेलं, आणि मृत्युपत्रात पुस्तकं शाळेला लिहिलीयत पण कपाटाबद्दल एक अक्षर नाही. थोरली म्हणते न्यू जर्सीला न्यायचं, धाकटी म्हणते घराबरोबर माझं, भावाचा परवा मेसेज आला की मलाही हवंय, आणि काकूंचा फोन, पुस्तकं ठेवणार कशात?