दिवा हिरवा, पण जोडणी चालू होईना

शनिवारी संध्याकाळी एका पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये नवं रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, बसवलं आणि मशीन चालू केल्यावर नेटवर्क गेलं. अल्मालिनक्स ९ (लिनक्सचा एक प्रकार), स्थिर आयपी, एकच केबल. मी पोहोचेपर्यंत तिथल्या मुलानं केबल बदलली होती, स्विचचा पोर्ट बदलला होता आणि जोडणीची प्रोफाइल (नेटवर्कच्या सेटिंगची फाइल) काढून पेनड्राइव्हवरच्या बॅकअपमधली टाकली होती. पोर्टचा दिवा हिरवा होता, त्यामुळे केबलकडे पुन्हा वळायचं कारण नव्हतं.

मॉनिटर-कीबोर्ड लावून जोडणी चालू करण्याची 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' ही आज्ञा दिली, तर अशी जोडणीच नाही असं उत्तर आलं. फाइल तर 'सिस्टिम-कनेक्शन्स' फोल्डरात समोर दिसत होती. अशा वेळी आधी 'जर्नलसीटीएल'मधल्या सिस्टिमच्या नोंदी वाचाव्यात. त्यांत लिहिलं होतं: परमिशन असुरक्षित, फाइल घेतली नाही. या फाइलींत पासवर्डही असू शकतात, म्हणून इतरांना वाचता येईल अशी फाइल नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) वगळतो. मालकी रूटची आणि परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. पेनड्राइव्हच्या फॅट फॉरमॅटमध्ये लिनक्सची परमिशन साठवलीच जात नाही, तिथून आलेली फाइल ७५५ (सगळ्यांना वाचता येईल अशी) झाली होती. 'सीएचमॉड ६००' केलं, 'कनेक्शन रीलोड' दिलं, प्रोफाइल यादीत आली.

तरी चालू होईना. पण आता तक्रार वेगळी होती: प्रोफाइल डिव्हाइसशी जुळत नाही, इंटरफेसचं नाव निराळं. मूळ दोष हा. परमिशनचा दोष दुरुस्तीच्या घाईत वर येऊन बसला होता. फाइलीत नाव ईएनपी३एस०, मशीनवर ईएनपी४एस०. 'पी'नंतरचा आकडा म्हणजे पीसीआय बसचा (कार्डं ज्या मार्गावर जोडलेली असतात त्याचा) क्रमांक. नवं कार्ड आल्यावर बसची मोजणी बदलली आणि नेटवर्क कार्ड एक घर पुढे सरकलं. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, ईटीएच०चं नाव बदलून ईएनपी४एस० केल्याची नोंदही सापडली. (क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर अशीच तक्रार मॅक अॅड्रेसवरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून येते, प्रोफाइलमध्ये जुन्या कार्डाचा मॅक राहिलेला असतो.)

'कनेक्शन मॉडिफाय'नं प्रोफाइलमध्ये नवं नाव घातलं, पुन्हा 'अप' दिलं, गेटवेला पिंग गेला.

एवढ्यावर सोडणं मला पटत नाही, कारण पुढचं कार्ड बसवलं की हाच घोळ. म्हणून मशीनच्या सेवा सुरू करणाऱ्या 'सिस्टिमडी'च्या 'नेटवर्क' फोल्डरात '१०-लॅन.लिंक' फाइल केली: नेटवर्क कार्ड ओळखायचं कायमच्या मॅकवरून, नाव द्यायचं लॅन०. ईटीएच० देऊ नये, कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो, टक्कर होते. प्रोफाइलमध्येही लॅन० केलं आणि 'ड्रॅकट -एफ' चालवून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम) नव्यानं बनवलं. नाव बूटच्या अगदी सुरुवातीला, इनिटरॅमएफएसमध्येच पडू शकतं. तिथे नवी फाइल नसेल तर जुनंच नाव राहतं.

मग मशीन बंद करून रेड कार्ड काढलं, चालू केलं. लॅन०, जोडणी चालू. कार्ड परत बसवलं, तरी लॅन०च.