गायकाच्या डाव्या हाताला

"बाई, पेटी कुठं आणि माणसांच्या स्वभावांचे प्रकार कुठं? हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कसं?"

कार्यक्रम संपला, मी पेटी खोक्यात ठेवतेय, की कुणीतरी येऊन हे विचारतंच. पुस्तकाच्या निमित्ताने कुठल्या वाचनालयात गेले तर तोच प्रश्न उलटा होऊन येतो: "एवढं स्वभावांवर लिहिता, मग अजून पेटी कशाला वाजवता?" दोन्हीकडे मी हसून वेळ मारून नेते, कारण चहा गार होत असतो. तुम्ही मात्र घरी येऊन, बसून विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी माझी बसायची जागा समजून घ्या. मैफलीत तबला गायकाच्या उजव्या हाताला असतो, पेटी डाव्या. तुम्हाला गायक समोरून दिसतो, मला गेली एकतीस वर्षं तो बाजूने दिसतोय. कानाची पाळी, गळ्याची शीर, मांडीवर मात्रा मोजणारी बोटं. समोरच्या चेहऱ्याची त्याने तयारी केलेली असते. बाजूच्या चेहऱ्याकडे कुणी बघतंय हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

आणि मला बघावंच लागतं. पेटीची साथ म्हणजे अर्धं पाऊल मागून चालणं. तो कुठं वळेल याचा अंदाज घ्यायचा, तो श्वास घेईल तेवढ्यात जागा भरायची आणि तो पुन्हा तोंड उघडायच्या आत बाजूला व्हायचं. त्यात पेटीला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणजे लबाडी करून ती भासवायची. अनेकदा गायक त्याच संध्याकाळी पहिल्यांदा भेटलेला असतो. तालीम नाही, काही नाही. 'कितीत गाणार?' 'काळी दोन.' म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी हा त्याचा सा. झाली ओळख.

मिरजेत मी ज्यांच्याकडे शिकले त्या मास्तरांचा यावर एक तोडगा होता. "पेटी नंतर उघड. आधी तो चहा कसा पितो ते बघ." बशीत ओतून भुरके मारणारा विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, आटोपतं घेतो आणि कप हातात धरून गप्पा मारत बसणारा आलाप संपवत नाही, असा त्यांचा सिद्धांत. निम्म्या वेळा साफ चुकायचा. मला मात्र बघायची सवय लागली ती लागलीच.

साथीदारांकडे पट्ट्यांची एक वही असते. डावीकडे गायकाचं नाव, पुढे पट्टी. मी तिसरा रकाना आखला: शेरा. बेत एवढाच की पुन्हा बोलावणं आलं तर फजिती नको. त्यातले काही शेरे वाचून दाखवते, नावं गाळून.

'काळी दोन. तंबोरे लावायला पंचवीस मिनिटं. मागचे लोक उठून गेले तरी चालेल, जवारी (तारेचा गुंजणारा नाद) बोललीच पाहिजे.'

'पांढरी एक. तबलजी जेवले का, हे तीनदा विचारलं. स्वतः उपाशी.'

'काळी एक. यमन उघडला, पंधरा मिनिटांत केदार, मग एकदम नाट्यपद. चार चिजा, पुरी एकही नाही. फार मजा आली.'

'तुम्ही म्हणाल ती पट्टी, म्हणाल्या. मी भीत भीत काळी पाच म्हटलं. तार षड्जाला, वरच्या सा ला, डोळ्यांत पाणी आलं, पण बाई शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. खरी पट्टी काळी चार!'

अशा तीन वह्या भरल्या. मग एकदा सांगलीत जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं, १९९४ सालचं, पानोपानी गमतीदार चित्रं. एनिअग्राम नावाच्या पद्धतीने त्यात माणसांचे नऊ प्रकार सांगितले होते. पहिला नीटनेटका: चूक सहन न होणारा. दुसरा मदतीला धावणारा. सातवा मौजी, एका फांदीवर न बसणारा. नववा 'तुम्ही म्हणाल तसं'वाला. मी तिथंच फुटपाथवर बसून वाचायला लागले. माझ्या वहीचा तिसरा रकाना कुणीतरी अमेरिकेत छापला होता! पुस्तक दोन बायकांनी मिळून लिहिलेलं. त्यातली एक पियानो वाजवणारी, आणि चित्रंही तिचीच, हे पुढे कळलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही.

तिथून वाचनाचा नाद लागला. आपण सहज 'अंतर्मुख', 'बहिर्मुख' म्हणतो, ती जोडी कार्ल युंगने १९२१च्या ग्रंथात रूढ केली. ती वाचून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल या मायलेकींनी सोळा प्रकारांची चाचणी उभी केली. हल्ली कंपन्यांमध्ये पोरांना चार अक्षरं चिकटवतात ना, तीच. दोघींपैकी कुणाकडेही मानसशास्त्राची पदवी नव्हती. मुलीने तर त्याआधी रहस्यकथा लिहिली होती. हे वाचून माझी भीड चेपली. एक गृहिणी, एक रहस्यकथावाली, मग पेटीवालीने काय पाप केलंय?

खरं तर एवढं लांब जायचीही गरज नव्हती. आमच्या घरी दासबोध रोज वाचला जायचा. त्याचा दुसरा दशक बघा. सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी, मध्ये रज, तम, सत्त्व एकेका समासात, आणि शेवट पढतमूर्खावर. स्वभावांची यादी करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. वडिलांची कीर्ती सांगणारा तो एक मूर्ख, असं समर्थ म्हणून गेलेत. निवेदनात घराण्याचा पाढा सुरू झाला की मी पेटीत तोंड लपवून हसते ते त्यामुळे. आणि पेटीवाल्याने लेखणी धरणंही काही नवं नाही. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटी वाजवायचे, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, आणि गवयांविषयी लिहावं तर त्यांनीच. पु. लं.चं तर सांगायलाच नको. आकाशवाणीने १९४० ते १९७१ एवढा काळ पेटीला दाराबाहेर बसवलं होतं. दाराबाहेर बसलेल्याला येणारी-जाणारी माणसं जास्त दिसतात, असं आपलं माझं मत.

आता 'हे शास्त्र आहे का' असं विचाराल. मला शंका आहेच. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास स्वभाववर्णन' म्हणून कागद दिला. किती जुळतंय याला पाचपैकी गुण द्या म्हटलं, तर सरासरी ४.२६ आली. कागद सगळ्यांना एकच होता, मजकूर बराचसा भविष्याच्या पुस्तकातला! मी हा प्रयोग माझ्या क्लासात करून बघितला. चौदा पाकिटं, चौदांत एकच मजकूर: 'वरून शांत, पण आतून काळजी करणारे, लोकांनी मान द्यावा असं वाटतं, पण मागवत नाही.' एक निवृत्त मामलेदार सत्तराव्या वर्षी पेटी शिकतायत, ते गहिवरून म्हणाले, "बाई, आमच्या हिलासुद्धा हे कधी कळलं नाही." सातवीतल्या एका मुलीने मात्र कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हे तर सगळ्यांनाच लागतंय." तिची त्या महिन्याची फी मी घेतली नाही.

तरीही लिहिलं. आधी एका दिवाळी अंकात लेख, मग एका साप्ताहिकात सदर, मग पुस्तक. पैशाचं विचाराल तर पहिल्या आवृत्तीच्या मानधनात पेटीचा भाता बदलून झाला आणि दोन सूर नवे बसवले. घर क्लासवर चालतं. मैफलीची बिदागी कधी पाकिटात, कधी नुसता नारळ आणि शाल. शाली माझ्याकडे अकरा आहेत.

त्या इंग्रजी पुस्तकातला आठवा प्रकार म्हणजे दांडगा माणूस. सगळं आपल्या हातात ठेवणारा, दुसऱ्याला जागा न देणारा. माझ्या पुस्तकातलं त्यावरचं प्रकरण मी एका बुवांना समोर ठेवून लिहिलं होतं. बुवा आता नाहीत. वहिनींना विचारून सांगतेय, तरी नाव सांगणार नाही.

त्यांच्याबरोबर मी सहा-सात वेळा बसले असेन. गाणं दणकट, पण माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी जागा भरायला बोट ठेवावं की त्यांनी वरून पुढची आलापी सुरू करावी. चिजेच्या मध्ये मी हळूच काही विचारलं तर मान हलत नसे. तबलजीकडे मात्र हसून बघणं, 'क्या बात है', सगळं. वहीत मी लिहिलं: 'काळी एक. पेटी नको असेल तर सांगावं. माणसाला खुंटीसारखं बसवू नये.' घरी येऊन रडलेही होते एकदा. पुस्तकात ते प्रकरण नऊ पानांचं झालं आणि सगळ्यात जास्त दाद त्यालाच मिळाली. रागाने लिहिलेलं वाचकांना फार आवडतं, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक आल्यावर बुवांनी ते मागवून वाचलं. पुढच्या कार्यक्रमाला भेटले तेव्हा जोरात हसले. "आठवं प्रकरण झकास! कुणावर लिहिलंय ते ओळखलं मी." आणि त्यांनी दुसऱ्याच एका गवयाचं नाव घेतलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

त्या रात्री परतताना गाडीत वहिनी माझ्याजवळ बसल्या होत्या. बुवा पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हर त्यांच्या उजवीकडे. मला पहिल्यांदा दिसलं की ते त्या ड्रायव्हरशी केवढ्या गप्पा मारतात. मी वहिनींना म्हटलं, "बुवा आज खुशीत दिसतायत." त्या माझ्या कानाशी आल्या. "अगं, उजव्या बाजूचा माणूस ऐकू येतो ना त्यांना. डावा कान लहानपणी गोवरात गेलाय. कुठं बोलू नकोस हो, गवयाचा कान गेला म्हटल्यावर कोण बोलावेल?"

डावा कान. मी तिकडेच बसत होते.

मी भरलेली एकही जागा त्यांना धड ऐकू गेली नव्हती. पेटीचा सूर त्यांच्यापर्यंत पोचायचा तो कुठून तरी फिरून, अर्धामुर्धा. ते माझ्यावर कुरघोडी करत नव्हते. त्यांच्या लेखी तिथं शांतता होती, आणि शांतता दिसली की गवई गाणारच.

दुसऱ्या आवृत्तीत आठवं प्रकरण साडेतीन पानांचं आहे. छपाईची चूक नाही, प्रकाशकांना अजून फोन येतात म्हणून सांगून ठेवते. आणि वहीत तेव्हापासून पट्टी शाईने लिहिते, शेरा पेन्सिलीने. कुणी 'माझा नंबर कोणता?' विचारलं तर सांगते, पण खोडरबरही दाखवते.

बुवांबरोबर त्यानंतर एकदाच बसले. कार्यक्रमाच्या आधी मी तबलजींना बाजूला घेऊन म्हटलं, "दादा, आज आपण जागा बदलू या." ते वैतागले. तबला डावीकडे? कुणी बघितलंय असं? मी कारण सांगू शकत नव्हते, म्हणून ध्वनिक्षेपकाच्या नावावर काहीतरी थाप मारली. बुवांनी मला उजवीकडे बसताना बघितलं, क्षणभर थांबले, काही बोलले नाहीत. तबल्याचं काय, तो गुडघ्यालाही ऐकू येतो.

मारवा होता. विलंबितात त्यांनी धैवतावर येऊन आवाज सोडला, मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. जागा दिली होती. चांगली ऐसपैस, दोन-तीन मात्रांची. आणि माझी बोटं उठलीच नाहीत. त्यांच्याकडून जागा मिळेल याची सवयच नव्हती; आता ते पुढे सुरू करतील म्हणून मी दबून थांबले होते. भाता हातात तसाच. बुवांनी भुवई उंचावली, तोच धैवत पुन्हा लावला आणि पुन्हा थांबले.