स्क्रीन काळी, पण रिंग वाजतेय?
आज मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर पुन्हा तेच ऐकलं: ‘मदरबोर्ड (फोनचं मुख्य सर्किट) गेलाय, डेटा विसरा.’ न तपासता असं सांगितलेलं ऐकलं की फार वाईट वाटतं. स्क्रीन काळी असूनही रिंग वाजत असेल, चार्जिंगला लावल्यावर फोन थरथरत असेल, तर बोर्ड बहुधा जिवंत असतो. डिस्प्ले फुटलेला असतो किंवा त्याला बोर्डशी जोडणारी चपटी फ्लेक्स केबल सुटलेली असते.

दिसतंय पण टच मेलाय, अशा वेळी बहुतेक अँड्रॉइड फोनना ओटीजी अडॅप्टरने (फोनच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी वस्तू जोडणारा छोटा जोड) साधा माउस जोडता येतो. लॉक उघडा, फोटो आणि कॉन्टॅक्ट आधी काढून घ्या. दुरुस्तीत फोन रीसेट झाला की ते परत मिळणं कठीण.

फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढा. जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या पावतीवर, १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक, *#06# डायल केल्यावर दिसतो), नेमका बिघाड आणि आधीचे ओरखडे लिहूनच घ्या. ‘पाणी गेलंय’ म्हणून वॉरंटी नाकारली, तर फोनमधली पाणी ओळखणारी पट्टी दाखवायला सांगा. बऱ्याच फोनमध्ये ती सिम ट्रेच्या खाचेत असते. पाणी लागलं की पांढरी पट्टी लाल होते. फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका, तक्रार क्रमांक आणि उत्तर लेखीच मागा.