बेनवर विश्वास ठेवू नकोस

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एस. जे. वॉटसनचं 'बिफोर आय गो टू स्लीप' मिळालं, २०११ चं पुस्तक आहे, पण वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. शेवट सांगणार नाही, काळजी नको.

ख्रिस्टीन रोज सकाळी उठते तेव्हा शेजारी झोपलेला माणूस कोण हेच तिला माहीत नसतं. तिला वाटतं आपण विशीतल्या, आणि बाथरूमच्या आरशात दिसते ४७ वर्षांची बाई, आरशाभोवती फोटो चिकटवलेले, हा बेन, तुझा नवरा. तो रोज सगळं पहिल्यापासून समजावतो आणि कामाला जातो, मग एका डॉक्टरचा फोन येतो की कपाटात तू डायरी लपवली आहेस ती काढ. सुरुवातीलाच तिच्याच अक्षरात लिहिलेलं, बेनवर विश्वास ठेवू नकोस. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकून वाचत होते, अंगावर सरसरून काटा आला.

असं खरंच होतं का? हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसाचं १९५३ साली फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूचं ऑपरेशन केलं, त्यानंतर २००८ मध्ये वारेपर्यंत नवीन काही लक्षात राहणं जवळपास बंदच. पण तो काही मिनिटांतच विसरायचा, झोपेत दिवस पुसला जाणं ही वॉटसनने घेतलेली सूट, आणि ती मला पटली.

मला जास्त लागलं ते बेनचं लपवणं. मुलाबद्दल का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणतो, रोज नव्याने ते दुःख तुला कशाला द्यायचं. हे आपल्याकडे घरोघरी चालतं! मावशीची बायपास झाली तेव्हाच मामा गेला, आणि काकांनी तिला कळूच दिलं नाही, डॉक्टरांनी टेन्शन देऊ नका सांगितलंय म्हणून. मायेपोटीच केलं, पण तेव्हापासून काका साधं 'सगळे बरे आहेत' म्हणाले तरी मावशी स्वतः फोन लावून खात्री करते, स्वतःचे रिपोर्टसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेते. ती चुकतेय असं मला अजिबात वाटत नाही, आपल्या वाट्याचं दुःख कधी कळावं हे दुसऱ्याने का ठरवायचं?

शेवटची काही पानं मात्र फारच फिल्मी झालीयेत. पण मधे ती कालचंच पान आज परत वाचते आणि काल ज्यात माया दिसली त्याच वाक्यात आज संशय दिसतो, तेवढ्यासाठी तरी वाचाच.