एका वेळी एकच लेन्स: दहाव्या महिन्याची नोंद

गेल्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी कॅमेऱ्यावरची १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती झूम) उतरवली आणि २४ मिमीची चपटी पॅनकेक चढवली, जिच्यात झूम नसते. मिमीचा आकडा जितका मोठा, तितका समोरचा कमी भाग चौकटीत येतो. नियम असा ठरवला की चार महिने हीच, मग चार महिने ५० मिमी, मग लांबचं मोठं दाखवणारी झूम, ५५-२५०. मधे बदल करायचा नाही, घरात लग्न असलं तरी नाही. आता जानेवारी संपत आलाय, तिसरी लेन्स चालू आहे.

हे करायची गरज का वाटली, ते आधी सांगते. हातात झूम होती तेव्हा मी जिथे पोचेन तिथेच उभी राहायचे आणि रिंग फिरवून चौकट भरायचे. तीन वर्षांत उभं राहायची जागा मी एकदाही निवडली नव्हती.

५० मिमीपासूनच सुरुवात करा, फ्रेंच छायाचित्रकार कार्टिए-ब्रेसाँ त्यावरच काम करायचे, असं आपल्याला बरेचजण सांगतात. पण त्यांची फिल्म ३६ × २४ मिमीची. माझ्या कॅननचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग, त्याहून लहान, २२.३ × १४.९ मिमी. याला क्रॉप सेन्सर म्हणतात. त्यांना ५० मधून जेवढं दिसायचं, तेवढं मला साधारण ३१ मिमीमधून दिसेल. या सेन्सरवर ५० मिमी म्हणजे त्यांच्या फिल्मवरच्या ८० मिमीचं काम. म्हणून सुरुवात २४ ने केली. असा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर मी सगळ्यांना हेच सुचवेन.

सरावाला जागा एकच धरली, पुण्यात कसब्यातली तांबट आळी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. घरून चालत पंधरा मिनिटं. वळणावर यायच्या आधीच ठोके ऐकू येतात. पहिले दोन रविवार मी एका कारखान्याच्या उंबरठ्यावर उभी राहून फोटो काढले. चौकटीत दाराची फळी, लोंबणाऱ्या वायरी, कुणाची तरी स्कूटर, आणि त्या सगळ्यामागे तांबटकाका. तिसऱ्या रविवारी काकाच म्हणाले, "ताई, तिथून काय दिसणार तुम्हाला? आत येऊन बसा की."

आत जाऊन पोत्यावर बसले. अंतर जेमतेम एक मीटर. तेवढ्यावरून २४ मिमीच्या चौकटीत साधारण ९० सेंटीमीटर रुंदी मावते. हंडा, काकांचे दोन्ही हात, हातोडी, मागे भिंतीला टेकवलेले बंब, सगळं आत आलं. आणि मठारकाम मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एकेका ठोक्याने पत्र्यावर करंगळीच्या नखाएवढा चपटा ठसा उमटतो. पुढचा ठसा त्याला खेटून, मग त्याच्या पुढचा. डाव्या हाताने हंडा इतका सावकाश फिरत असतो की तो फिरतोय हे ठोक्यांच्या ओळीवरूनच कळतं. ठोकून ठोकून पत्रा टणक होतो आणि झळाळी येते ती वेगळीच. जवळ बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक ठशात दाराचा उजेड एका पांढऱ्या ठिपक्यासारखा साठलेला असतो. खोली काळोखी, त्यामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि ते सगळे ठिपके जळून जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर आणलं तेव्हा तांब्याचा रंग परत आला.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवायला चार रविवार गेले. १/६० सेकंदाला हातोडी नाहीशीच होते. १/५०० ला सगळं थिजतं, काका मुद्दाम हात वर धरून बसल्यासारखे दिसतात. १/१२५, एफ २.८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता) वर मनगट स्पष्ट आलं आणि हातोडीचं फक्त टोक पुसट झालं. मला हवा होता तो ठोका या फोटोत आहे.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. वापरात नसलेल्या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक सोबत. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवते. जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर सुकवते. माझ्या एका जुन्या लेन्सला बुरशी लागून ती वाया गेली होती, तेव्हापासून यात हयगय करत नाही.

ऑगस्टमध्ये ५० मिमी चढवली आणि काकांसमोर त्याच पोत्यावर बसले. चौकटीत नुसतं मनगट. हंड्यासकट हात हवे असतील तर काकांपासून दोन मीटरवर जायला हवं, आणि दोन मीटरवर म्हणजे पुन्हा उंबरठा! काकांनी जिथून मला आत बोलावलं होतं, तीच जागा. पण या वेळी तिथून दिसणारं चित्र निराळं होतं. हंडा तेवढाच मोठा, पण मागचे बंब पुढे सरकून काकांच्या खांद्याला लागल्यासारखे.

घरी येऊन याची परीक्षा घेतली. ओट्यावर स्टीलचा डबा ठेवला, मागे दीड मीटरवर भिंतीवरचं घड्याळ. २४ मिमीने एक मीटरवरून फोटो, ५० ने दोन मीटरवरून. डबा दोन्हीकडे जवळपास सारखाच, घड्याळ मात्र दुसऱ्या फोटोत चांगलंच मोठं. मग दोन मीटरवरूनच २४ ने एक फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मधला भाग कापून घेतला. डबा आणि घड्याळाचं नातं हुबेहूब ५० सारखं! म्हणजे पार्श्वभूमी जवळ ओढण्याचं काम लेन्स करतच नाही. ते मी कुठे उभी आहे त्यावर ठरतं, लेन्स त्यातला किती भाग घ्यायचा तेवढंच ठरवते. वाचून हे मला आधीही माहीत होतं. पण उंबरठा ते पोतं असं आठ महिने ये-जा केल्यावर ते पायांना कळलं. आता कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी मी बसायचं की उभं राहायचं ते ठरवलेलं असतं.

५० मिमीवर एक चूक मला फार लागली. नवरात्रात आजीचे चाळीसेक फोटो काढले, सगळे एफ १.८ वर, एक मीटरवरून. तेवढ्या अंतरावर स्पष्ट भाग मिळतो तो अडीच सेंटीमीटरच्या आसपास. घरी मोठे करून पाहिले तर चष्म्याची फ्रेम धारदार आणि डोळे मऊ. आजी पुन्हा बसली, पण त्या दिवशीचं हसू काही आलं नाही. तेव्हापासून जवळच्या चेहऱ्यासाठी एफ ४, म्हणजे सहा सेंटीमीटर तरी मिळतात, आणि फोकसचा एकच बिंदू, जवळच्या डोळ्यावर.

डिसेंबरपासून ५५-२५०. तांबट आळीतही नेली. गल्लीच्या पलीकडच्या पायरीवरून फोटो काढले. चांगले आले, सगळ्या नोंदीतले सगळ्यात नेटके म्हणता येतील. पुढच्या रविवारी काकांना दाखवले, तर ते म्हणाले, "हे कधी काढलेत? तुम्ही दिसला नाहीत मला." त्या पायरीवरून मी पुन्हा फोटो काढले नाहीत.

ही लेन्स मग भिगवणला नेली. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. पहाटे नावेत बसले. चाळीस मीटरवर २५० मिमीच्या चौकटीत साडेतीन मीटर रुंदी मावते, म्हणजे दोन-तीन पक्षी ऐसपैस. मला आणखी जवळ जायचं होतं. नावाड्याने वल्हं थांबवलं आणि हळूच म्हणाला, "ताई, बास आता. माना वर आल्या बघा." खरंच, पाण्यात चोच घालून चरणाऱ्या थव्यातल्या सात-आठ माना ताठ झाल्या होत्या. नाव हातभर मागे घेतली आणि गप्प बसून राहिलो. पाचेक मिनिटांनी एकेक मान परत खाली गेली. शेवटची गेल्यावर मी पहिला फोटो काढला.