जुन्या मियाटाची टिकटिक आणि काकांचं वीस-पन्नास

मागच्या सप्टेंबरात एकदाची मियाटा घेतली, माझदाची ती छत उघडणारी छोटी गाडी. ९२ची, लाल, १.६ लिटर इंजिन, एक लाख अठरा हजार मैल झालेली. बायकोने बघितल्या बघितल्या विचारलं की दोनच सीट, मग मुलं काय डिकीत बसणार का, तर तो विषय सध्या बाजूला ठेवू. आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत छत उघडून मजा केली आणि मग थंडी सुरू झाली तशी गाडी बोलायला लागली.

म्हणजे सकाळी चावी फिरवली की हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, टिकटिकटिकटिक. अगदी आईचं शिलाई मशीन चालावं तसं. पंधरा-वीस सेकंदांनी बंद व्हायचं, कधी मिनिटभर चालायचं. मला वाटलं गेलं इंजिन, पैसे पाण्यात. मग शोधलं तर कळलं की या इंजिनाची ही सवयच आहे. १६ व्हॉल्व्ह, प्रत्येकावर एक हायड्रॉलिक लिफ्टर, दिसायला उलट्या वाटीसारखा, त्याच्या पोटात छोटा प्लंजर आणि एक बारीक गोळी. तेलाच्या प्रेशरने तो प्लंजर फुगून राहतो आणि कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हमधली फट भरून काढतो. तीस वर्षांचा चिकटा आत बसला असेल किंवा रात्रभरात तेल उतरून गेलं असेल तर फट राहते आणि कॅम टकटक आपटतो. म्हणजे सगळा खेळ तेलाचाच.

इथे मी चूक केली. पुण्याला काकांना फोन केला. काकांनी पंचवीस वर्षं पद्मिनी चालवलीय, त्यांच्या मते गाडीचा कुठलाही आजार जाड तेलाने बरा होतो. "अरे पाण्यासारखं तेल घातलंयस तू, आवाज येणारच. वीस-पन्नास घाल, आवाज गायब." पटलं मला. २०डब्ल्यू-५० आणलं आणि घातलं.

जानेवारीत एका सकाळी उणे १२ होतं. स्टार्टरने आधी एक मोठा सुस्कारा टाकला, इंजिन कसंबसं लागलं आणि टिकटिक चार मिनिटं थांबली नाही. आणि गंमत म्हणजे तेलाच्या प्रेशरचा काटा साठच्या वर, एकदम झकास. (या गाडीत ९४ पर्यंत खरा काटा होता, नंतर कंपनीने नुसता दिखाव्याचा बसवला.) तेव्हा डोक्यात उजेड पडला की काटा वर आहे म्हणजे तेल वर पोचतंय असं नाही. जाड तेल पंपाला ढकलायला जड जातं म्हणून प्रेशर दिसतं, पण लिफ्टरच्या बारीक भोकातून ते शिरतच नाही लवकर.

मग शांतपणे बसून आकडे समजून घेतले, जे आधी करायला पाहिजे होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, पुढचा आकडा थंडीतला आणि मागचा गरम इंजिनातला. २०डब्ल्यूची थंडीत इंजिन फिरण्याची चाचणी उणे १५ला होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला. म्हणजे मी माझं तेल त्याच्या पार कडेलोटावर नेऊन ठेवलं होतं. मागचा आकडा म्हणजे १०० अंशांना तेल किती जाड, तीस म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, चाळीस म्हणजे १६.३ पर्यंत आणि पन्नास त्याच्याही वर. गाडीच्या मॅन्युअलात काय, तर साधं १०डब्ल्यू-३०, आणि जास्त थंडी असेल तर ५डब्ल्यू-३०. काकांचं चुकलं असंही नाही म्हणा, पुण्याच्या मे महिन्यात पद्मिनीला ते ठीकच होतं.

झिंकची पण भीती घालतात लोक, की झीज रोखणाऱ्या मसाल्यात झिंक आणि फॉस्फरस एकत्र असतात आणि २००४ नंतर नव्या तेलांत फॉस्फरस कमी केला, ०.०८ टक्क्यांवर आणला, जुनी इंजिनं झिजणार वगैरे. तो त्रास मुख्यतः जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांना, ज्यांच्या कॅमवर कडक स्प्रिंगांचा दाब असतो. या छोट्या जपानी इंजिनाला मी त्याचं टेन्शन घेतलं नाही.

शेवटी शेल रोटेला टी६ घेतलं, ५डब्ल्यू-४० सिंथेटिक. डिझेल ट्रकचं तेल आहे, पण मियाटावाल्यांत ते टिकटिकीवरचं औषध म्हणून फेमस आहे कारण त्यात चिकटा धुऊन काढणारा मसाला भरपूर असतो. साडेतीन लिटरच्या आसपास लागतं.

तेल बदलणं सोपं, फिल्टर म्हणजे शिक्षा. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली लपवून ठेवलाय. पुढचं उजवं चाक काढून, आडवं पडून, हात कोपरापर्यंत आत घालून नुसत्या बोटांनी चाचपडायचं, आणि तो सुटला की कोमट काळं तेल मनगटावरून थेट बाहीत. स्वेटर गेला तो गेलाच. पहिल्या खेपेचं तेल ८०० मैलांत काळंकुट्ट झालं, ते काढून पुन्हा तेच भरलं आणि दुसऱ्या खेपेला टिकटिक तीन-चार सेकंदांवर आली. आता फक्त दुकानापर्यंत दोन मैल जाऊन बंद केली की दुसऱ्या दिवशी रुसते, मग हायवेला नेऊन वीस मिनिटं चार हजार आरपीएमवर ठेवली की गप्प.

मध्ये बेलहाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या आवरणावर, तेलाचे थेंब दिसले. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, सिंथेटिक घातलंत ना, मागचं मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ९०० डॉलर. निघाली काय, तर हेडच्या मागच्या कॅम अँगल सेन्सरची रबरी ओ-रिंग, जी उन्हाने वाळलेल्या रबरबँडसारखी कडक झाली होती. सेन्सरच्या जागेची खूण करून काढला (नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलतं), नवीन रिंग बसवली, काम झालं.

काकांना फोनवर इंजिन ऐकवलं. दोन मिनिटं कान लावून ऐकत बसले आणि म्हणाले, "छान आहे रे, पण वीस-पन्नास घातलं असतंस तर याहून गोड वाजलं असतं."